सकाळी गोळी, संध्याकाळी नणंद

आमच्या बोक्याचं हृदय डॉक्टरांना ऐकू येत नव्हतं. हृदय होतं, चालूही होतं, पण त्याच्यावर घुरघुर बसली होती. डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला की आतून एकच आवाज. चौथ्यांदा कानातल्या नळ्या काढून ते म्हणाले, "पिठाची गिरणी ऐकतोय असं वाटतंय मला."

बोक्याचं नाव भुंगा. ते त्यानं स्वतः कमावलंय. आमचे हे फ्रिज दुरुस्त करतात. एका रिकाम्या फ्रिजच्या खोक्यात हा सापडला तेव्हा मुठीएवढा होता आणि घुरघुरत होता, तो आजतागायत थांबलेला नाही. गिऱ्हाईक आलं की घुरघुर, मीटर बघणारा आला की घुरघुर. एकदा शेजारच्या कुत्र्यानं त्याला भिंतीशी गाठलं, तेव्हाही हा घुरघुरतच होता. कुत्रा बिचारा गोंधळून परत गेला. आम्ही कौतुकानं सगळ्यांना सांगायचो, असा प्रेमळ जीव शोधून सापडणार नाही.

आमचं घरही काही मौनव्रत घेतलेलं नाही. पुढच्या खोलीत यांचे कॉम्प्रेसर धडधडत असतात. मधल्या खोलीत माझं मोटारचं शिलाई मशीन. मी पडदे आणि गणवेश शिवते. आत सासूबाईंना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांचा टीव्ही सगळ्या गल्लीला ऐकू येतो. या सगळ्यावर मात करून एकमेकांशी बोलायचं म्हणजे ओरडावंच लागतं. आमच्याकडे कुणी हळू बोललं तर आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघतात.

तर भुंग्याची दाढ सडली. त्यानं मासा पुढ्यात घेऊन नुसता वास घेतला आणि तसाच सोडला, तेव्हाच मी त्याला टोपलीत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, दाढ काढावी लागेल, त्यासाठी भूल द्यावी लागेल, आणि भूल देण्याआधी हृदय ऐकावं लागेल. इथेच घोडं पेंड खाऊ लागलं.

हे डॉक्टर किडकिडीत, नेहमी थकलेले आणि पेशंटशी फार अदबीनं बोलणारे. "साहेब, फक्त अर्धं मिनिट," असं म्हणून त्यांनी बेसिनचा नळ सोडला. वाहतं पाणी ऐकलं की मांजरं घुरघुरायची थांबतात म्हणे. भुंग्यानं नळाकडे बघितलं आणि आवाज वाढवला. मग नाकाशी स्पिरिटचा बोळा धरला. भुंगा शिंकला, आणि शिंकता शिंकता घुरघुरला. शेवटी डॉक्टरांनी बाहेर रांगेत बसलेला एक वासराएवढा कुत्रा, मालकाची परवानगी काढून, आत बोलावला. कुत्र्यानं टेबलावर ही काय चीज आहे ते बघितलं आणि शेपूट घालून मालकाच्या पायांमागे गेला.

पण दोन घुरघुरींच्या मध्ये कुठंतरी डॉक्टरांना काहीतरी ऐकू आलंच. ठोक्यामागून फुस्स असा आवाज. त्यांचा चेहरा बदलला.

"काही बोक्यांच्या हृदयाचा स्नायू आपोआप जाड होत जातो," ते म्हणाले. "वरून काही दिसत नाही. खातात, उड्या मारतात, पोट पसरून झोपतात. आणि एक दिवस भूल दिली की टेबलावरून उठत नाहीत. नाहीतर भूल न देताही जातात."

"जातात म्हणजे कुठे?" यांनी विचारलं. मी यांना कोपर मारलं.

रक्त तपासलं. हृदयावर ताण आहे, इतकं रिपोर्टनं सांगितलं. कसला ते काही सांगितलं नाही. थायरॉईड आणि रक्तदाब वाढला तरी स्नायू जाड होतो, म्हणून पायाला इवलासा पट्टा बांधून तेही बघितलं. दोन्ही ठीक निघाले. आता खात्री व्हायची तर सोनोग्राफीतच. आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर भुंग्याचं हृदय असं काही हललं की जणू चालत्या बैलगाडीत बसून फोटो काढलाय. घुरघुरीनं सगळी छाती थरथरत होती, मापं काही घेता येईनात.

"मग भूल देऊन बघा ना," मी म्हणाले.

"भूल देता येईल की नाही हेच तर बघायचंय."

"म्हणजे लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही," हे म्हणाले आणि स्वतःच मोठ्यानं हसले. डॉक्टर हसले नाहीत. मीही नाही. दाढ सडत होती, खाणं बंद होतं, आणि माझं मांजर घुरघुरत घुरघुरत उपाशी मरायला निघालं होतं.

डॉक्टरांनी डोळे चोळले. "घरी हा कुणाजवळ तरी गप्प बसतो का? कुणीही असो."

आम्ही नवराबायकोनं एकमेकांकडे बघितलं आणि मग दोघांनी जमिनीकडे बघितलं.

"एक आहे," हे म्हणाले. "माझी मोठी बहीण."

वन्सं शाळेत गणित शिकवतात, पण त्यांची खरी ख्याती परीक्षेच्या हॉलमधली. पावलांचा आवाज न करता मागे येऊन उभं राहायचं, बस. काही बोलायचं नाही. मुलांची म्हणे पेनं हातातून गळतात. मोठी माणसंही त्यांच्यापुढे उगाच हात मागे बांधतात. त्या आमच्या घरात आल्या की सासूबाई स्वतःहून टीव्ही बंद करायच्या, हे कॉम्प्रेसरचं बटण दाबायचे, मी मशीनवरून पाय काढायचे. आणि भुंगा? भुंगा त्यांच्यापाशी जाऊन खाली बसायचा आणि गप्प. कुणीतरी प्लग काढल्यासारखा गप्प.

दीड वर्षापूर्वी असंच सगळे बसलेले असताना हे म्हणाले, "बघा, ताईला बघून भुंग्याचीसुद्धा वाचा बसते. मुक्या जनावराला माणूस बरोबर कळतं." सगळे हसले. सासूबाईंना काही ऐकू आलं नव्हतं, पण त्याही हसल्या. वन्संनी कप खाली ठेवला, पर्स उचलली आणि गेल्या. त्यानंतर आल्या नाहीत. आता थट्टेवर रुसून बसणाऱ्या माणसाला आपण काय करणार? मी तेव्हाही तेच म्हणत होते.

आता प्रश्न असा की मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार. "तू जा," हे म्हणाले. "मी गेलो तर ती मला पाढे म्हणायला लावेल." हे पन्नाशीचे आहेत आणि चेष्टा करत नव्हते. अडला हरी गाढवाचे पाय धरी, असं म्हणत मी निघाले. हे मी मनात म्हटलं, कारण वन्संच्या दारात मनातलंसुद्धा जपून म्हणावं लागतं.

त्यांच्या घरात घड्याळाची टिकटिक ऐकू येते. मी खुर्चीच्या कडेवर टेकले.

"वन्सं, तुम्हाला दवाखान्यात यावं लागेल."

"कोण आजारी आहे?"

"भुंगा. त्याचं हृदय ऐकायचंय, आणि तो गप्पच बसत नाही."

"मग?"

मी घसा साफ केला. वाटेत मी चांगली वाक्यं जुळवली होती, ती सगळी पळाली. "म्हणजे, त्याला तुम्ही आवडत नाही ना. तर तुम्ही आलात तर फार बरं होईल."

इतकं मूर्ख आमंत्रण जगात कुणी कुणाला दिलं नसेल. वन्सं माझ्याकडे बघत राहिल्या. उत्तर चुकलंय आणि कुठे चुकलंय ते मुलानं स्वतः शोधावं, अशा बघण्यानं. मग उठल्या, आत गेल्या आणि चपला घालूनच बाहेर आल्या. "चल," म्हणाल्या. बस, एवढंच. टोमणा नाही, अट नाही. त्यांनी चार गोष्टी सुनावल्या असत्या तर मला जास्त बरं वाटलं असतं.

दवाखान्यात त्या शिरल्या तेव्हा यांच्या मांडीवरच्या टोपलीतून घुरघुर चालली होती. वन्सं टोपलीपाशी वाकल्या. घुरघुर थांबली. त्याबरोबर बाहेर बसलेले दोन कुत्रे, एक पोपट आणि झाडून सगळे मालक गप्प झाले. आतून डॉक्टर धावत बाहेर आले. "कुणाला काही झालं का?"

"सुरू करा," वन्सं म्हणाल्या.

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला आणि डोळे मिटले. बराच वेळ ऐकलं. ठोक्यामागचं फुस्स होतंच. शिवाय दोनाच्या जागी तीन ठोके, घोडा दौडत जावा तसे. मग आतल्या खोलीत दिवा मालवला. भुंग्याच्या बरगडीवरचे केस मशीननं काढले, जेल लावलं आणि मध्ये खाच पाडलेल्या टेबलावर त्याला कुशीवर निजवलं. खाचेतून खालून सोनोग्राफीचं यंत्र छातीला टेकवायचं. वन्सं त्याच्या डोक्याशी बसल्या. त्यांनी हात लावला नाही, लाडीगोडी केली नाही, नुसत्या बसल्या. पडद्यावर हृदय उमटलं, स्वच्छ आणि स्थिर. अक्रोडाएवढं ते हृदय उघडत होतं आणि मिटत होतं, आणि मला एकदम रडूच फुटलं.

डॉक्टरांनी पडद्यावर दोन खुणा केल्या. "ही डावीकडची भिंत. सहा मिलिमीटरच्या आत हवी. ही साडेसातच्या पुढे आहे."

"जाड भिंत म्हणजे चांगलंच की!" हे खूश झाले. "आमच्या धंद्यात जितकं इन्सुलेशन जाड तितकं—"

"तुमच्या फ्रिजची भिंत आतल्या बाजूनं जाड होत गेली," डॉक्टर पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "तर दूध कुठे ठेवाल?"

यांचं तोंड उघडं राहिलं. मग हळूच मिटलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण यांना एखादी गोष्ट इतक्या पटकन कळलेली मी बघितली नव्हती. रक्ताला आत जागाच उरत नव्हती.

"आहे तोच आजार," डॉक्टर म्हणाले. "स्नायू पुन्हा पातळ होत नाही. पण अजून हाताबाहेर गेलेलं नाही. वरचा कप्पा फारसा फुगलेला नाही, छातीत पाणी नाही. जपून भूल देऊन दाढ काढता येईल. गोळ्या देऊ. रक्ताची गाठ होऊ नये म्हणून एक द्यावी लागेल." मग ते थांबले, पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा बघितला, पुन्हा बघितला. "एक विचारू? मगाशी तुम्ही दोघं याला धरून उभे होतात तेव्हा ठोके कितीतरी जास्त होते. आता बघा किती खाली आलेत."

"घाबरून," हे म्हणाले. "ताईला सगळेच घाबरतात."

"घाबरल्यावर ठोके वाढतात हो, कमी कसे होतील?" डॉक्टरांनी खुर्ची आमच्याकडे वळवली. "मांजर नुसतं खुशीत घुरघुरतं असं नाही. दुखत असलं, भेदरलं, काही सुचेनासं झालं तरी घुरघुरतं. स्वतःची समजूत घालतं. हा या ताईंना घाबरून गप्प बसत नाही. यांच्याजवळ याला समजूत घालावी लागत नाही, म्हणून गप्प बसतो."

 

"आणि आमच्याजवळ?" मी विचारलं. आवाज माझाच होता, पण कधी नव्हे तो हळू निघाला.

डॉक्टर भला माणूस. "दाढही दुखत असेल ना त्याची," म्हणाले.

"जो फ्रिज कधी थांबतच नाही तो बिघडलेला असतो," हे पुटपुटले. "थंड झाला की बंद होतो, तो चांगला. हे मला कळायला नको होतं का? मलाच कळायला नको होतं?"

वन्सं भुंग्याकडे बघत होत्या. त्यांनी पहिल्यांदाच एक बोट त्याच्या दोन कानांच्या मध्ये ठेवलं. "मग मी दीड वर्ष कशाला आले नाही?" त्या म्हणाल्या. हे त्यांनी कुणालाच विचारलं नव्हतं.

खरं सांगायचं तर मला वन्संची दया नाही आली. मला राग आला, आणि तो भुंग्याचा आला. मासे मी आणते. वाळू मी बदलते. आजारपणात रात्र रात्र मांडीवर मी घेतलं. आणि हे ध्यान माझ्या मांडीवर बसून स्वतःची समजूत घालत होतं!

दाढ निघाली. भूल उतरेपर्यंत वन्सं पिंजऱ्यापाशी बसून होत्या. मी मनात धरून होते की दुखणं गेलं, आता आपल्याजवळही हा गप्प बसेल. घरी आणलं, टोपली उघडली, भुंगा बाहेर आला, माझ्याकडे बघितलं आणि सुरू झाला. असा राग आला म्हणून सांगू!

डॉक्टरांनी चिठ्ठीवर आधी गोळ्या लिहिल्या. सकाळी ही, एक दिवसाआड ती. खाली लिहिलं, घरात शांतता. आणि त्याच्याखाली, अगदी गंभीरपणे: नणंद, रोज, संध्याकाळी. औषधाच्या दुकानदारानं चिठ्ठी वाचली आणि म्हणाला, "बाई, शेवटचं आमच्याकडे येत नाही."

शांतता म्हणजे काय ते आम्हाला माहीत नव्हतं, त्यामुळे आम्ही ती मोठ्या आवाजात सुरू केली. यांनी कॉम्प्रेसर मागच्या शेडमध्ये हलवले आणि ते हलवताना सगळ्या गल्लीला सूचना दिल्या. मी मशीनखाली गादी घातली. सासूबाईंना टीव्हीसाठी कानात घालायचं यंत्र आणलं, तर ते घालून त्या आम्हालाच ओरडून मालिकेची गोष्ट सांगू लागल्या. भुंगा मधोमध बसून घुरघुरत होता. आता ती घुरघुर ऐकली की मला लाज वाटायची. कुणी तोंडावर "मी ठीक आहे, मी ठीक आहे" म्हणत राहावं तशी ती ऐकू येऊ लागली.

संध्याकाळी वन्सं यायच्या. भुंगा त्यांच्या पायाशी झोपून जायचा आणि त्या घड्याळ लावून त्याचे श्वास मोजायच्या. झोपेतले श्वास वाढले तर लगेच कळवा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. घुरघुरणाऱ्या मांजराचे श्वास मोजता येत नाहीत, म्हणून ते कामही त्यांचंच. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत राहायचे. मला माझ्याच घरात पर्यवेक्षकाच्या नजरेखाली बसल्यासारखं वाटायचं.

एकदा त्या जाता जाता दारात थांबल्या. "याला मी घेऊन जाऊ का? माझ्याकडे शांत असतं."

मला माहीत होतं, हे बरोबर आहे. डॉक्टरही हेच म्हणाले असते. पण तोंडून निघालं, "एक महिना द्या मला."

"कशासाठी?"

"ते मलाच ठाऊक नाही."

त्यांनी मान डोलावली. पेपर लिहायला वेळ वाढवून द्यावा तशी.

त्या महिन्यात मी काय केलं ते सांगते, हसू नका. मी मशीनची मोटार काढून ठेवली आणि हातानं शिवायला लागले. पडद्यांच्या दुमडी हातानं घातल्या, गिऱ्हाइकांच्या शिव्या खाल्ल्या. भुंग्याला "माझं सोनं, माझं बाळ" करत उचलणं बंद केलं, आणि माझ्यासाठी ते गोळी देण्यापेक्षा अवघड होतं. तो आला तर येऊ दे, गेला तर जाऊ दे. बोलायची उबळ आली की दोरा दातांनी तोडायचे. यांना वाटलं मी यांच्यावर रुसलेय, म्हणून यांनी दोनदा माफी मागितली. कशाबद्दल ते त्यांना माहीत नव्हतं, मीही सांगितलं नाही. भुंगा यायचा, शेजारी बसायचा आणि घुरघुरायचा. रोज. महिना संपत आला.

शेवटच्या दुपारी मी जमिनीवर बसून एका लांबलचक पडद्याची किनार घालत होते. भुंगा आला, पडद्याच्या घडीवर चढला, गोल फिरून माझ्या गुडघ्याला पाठ लावून पडला. घुरघुर चालू होती. मी मान खाली घालून टाके घालत राहिले. आज वन्सं टोपली घेऊन येणार, एवढंच डोक्यात होतं. सुई आत, सुई बाहेर.

मग लक्षात आलं की मला सुईचा आवाज ऐकू येतोय.

 घुरघुर नव्हती. भुंगा हलत नव्हता. गेला, मी मनात म्हटलं, डॉक्टर म्हणाले होते तसाच, काही न सांगता गेला. किंचाळायला मी तोंड उघडलं आणि त्याच वेळी केस काढलेली ती बरगडीवरची जागा, जिथं आता कुठं लव उगवत होती, ती वर आली. खाली गेली. सावकाश पुन्हा वर आली.

तो झोपला होता. माझ्या गुडघ्याशी, गप्प, तोंड थोडं उघडं टाकून.

उघडलेलं तोंड मला मिटता येईना आणि आवाजही काढता येईना. दारात काही हललं म्हणून बघितलं, तर वन्सं. नेहमीसारख्या, पावलं न वाजवता येऊन उभ्या. हातात रिकामी टोपली. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. त्यांनी आमच्या दोघांकडे बघितलं, ओठांवर बोट ठेवलं आणि टोपली उलट पावली बाहेर नेऊन ठेवली. मग आत येऊन माझ्यासमोर जमिनीवर बसल्या, मनगटावरचं घड्याळ सोडून माझ्या हातात दिलं आणि भुंग्याच्या बरगडीकडे बोट केलं. श्वास मी मोजायचे होते.

मी पडद्याचं टोक तोंडात कोंबलं, म्हणजे हुंदका बाहेर फुटू नये, आणि मोजायला सुरुवात केली.